छोट्या शहरातील सार्वजनिक कलाकृती: जागा कशी निवडावी, पैसा कोठून आणावा

प्रश्न: पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात आमची नगरपरिषद आहे. शहराच्या सौंदर्यीकरणासाठी सुमारे 40 लाख रुपये मिळण्याची शक्यता आहे. बायपासवर स्वागतकमान, मुख्य चौकात थोर पुरुषांच्या पुतळ्यांचा समूह आणि तलावाच्या पाळीवर शिल्पे, अशा तीन सूचना सभागृहात आल्या आहेत. यांपैकी कोणती जागा निवडावी, कमी पडणारा पैसा कोठून उभा करावा आणि कलावंत मुंबई-पुण्याहून बोलवावा की आपल्या भागातला घ्यावा, याबद्दल एक सदस्य म्हणून मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर: आपल्या प्रश्नात निधी आधी आला आहे, नंतर कलाकृतींचे प्रकार आले आहेत आणि जागा त्यांच्या मागून. बहुतेक नगरपरिषदांत कामे याच क्रमाने होतात, कारण अनुदानाचे पत्र जानेवारी-फेब्रुवारीत हाती येते आणि 31 मार्चपूर्वी रक्कम खर्ची पडली पाहिजे या घाईत जी जागा मोकळी दिसेल तेथे, जे बाजारात तयार मिळेल ते, बसवले जाते. फायबरचे हरीण, सिमेंटचा मोर आणि रंगीत दिव्यांचे कारंजे या मार्चअखेरच्या त्रिकुटाची ओळख आपल्याला वेगळी करून द्यायला नको. माझा सल्ला असा की, जागा, तिची कागदपत्रे आणि तिची पुढील दहा वर्षांची देखभाल या तीन बाबी निश्चित झाल्यावरच निधीची मागणी करावी. प्रत्येक निधीच्या स्वतःच्या अटी असतात आणि त्यांपैकी कोणत्या अटी आपल्याला पाळता येतील हे जागेवरूनच कळते.

जागा निवडताना त्या रस्त्याने किती माणसे जातात यापेक्षा तेथे किती माणसे थांबतात हे पाहावे. आपल्याकडील शहरांत माणसे थांबण्याची ठिकाणे ठरलेली असतात: एस.टी. स्थानक, आठवडी बाजार, रोजची गुजरी, तहसील कार्यालयासमोरची झाडे, धान खरेदी केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयाचे आवार. रुग्णालयाचा विचार सभागृहात सहसा कोणी करीत नाही, परंतु खेड्यांतून आलेले नातलग तेथे अख्खा दिवस बसून असतात आणि त्यांना पाहण्यासारखे समोर काहीही नसते. आपण एक दिवस बाजाराचा आणि एक दिवस बिनबाजाराचा निवडून, सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यानंतर, संभाव्य प्रत्येक जागी दोन माणसे वही घेऊन बसवावीत. महाविद्यालयाचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतात. त्यांनी किती जण थांबले, त्यांत स्त्रिया किती होत्या, सावली कोठे होती आणि थांबलेल्यांची तोंडे कोणत्या दिशेला होती एवढेच टिपावे. शेवटची नोंद क्षुल्लक वाटेल, पण कलाकृतीचा दर्शनी भाग कोणीकडे असावा याचा निर्णय तिच्यावरच अवलंबून असतो. दिवे लागल्यानंतर ज्या जागी एकही स्त्री दिसत नाही, तेथे आधी प्रकाशाची आणि बसण्याची सोय करावी. कलाकृतीचा विचार त्यानंतर करता येईल.

याच टप्प्यावर एक नाजूक प्रश्न मोकळेपणाने विचारात घ्यावा लागतो, तो म्हणजे ती जागा कोणाची मानली जाते. सातबारावर किंवा आखीव पत्रिकेवर काहीही नोंद असली तरी प्रत्येक शहरात अमुक चौक अमक्यांचा, अमुक घाट तमक्यांचा अशी वाटणी लोकांच्या मनात पक्की असते. एखाद्या प्रार्थनास्थळाला लागून असलेले शिल्प काही वर्षांत त्या स्थळाच्या अंगणाचा भाग होऊन जाते, मग ते करताना हेतू कितीही व्यापक असो. म्हणून सूचना मागवण्यासाठी नगरपरिषदेच्या सभागृहात एकच बैठक घेऊन थांबू नये. प्रत्येक प्रभागात, आणि मजुरीवरून लोक परतल्यानंतरच्या वेळेला, बैठक घ्यावी. सर्व वस्त्यांतील माणूस कोणालाही न विचारता जेथे जाऊन बसू शकतो अशी जागा शहरात एखाददुसरीच निघते, आणि तिला प्राधान्य द्यावे.

आता आपल्या तीन सूचनांकडे येतो. बायपासवरील स्वागतकमान मी पूर्णपणे वगळेन. बायपास हा शहरात न येणाऱ्यांसाठी असतो, आणि शहरवासीयांना ती कमान गावाला जाता-येताना क्षणभर दिसेल एवढेच. महामार्गाच्या हद्दीत काहीही उभारण्यासाठी त्या रस्त्याच्या यंत्रणेची परवानगी लागते, ती मिळाली तरी रुंदीकरणात कमान पाडली जाण्याची टांगती तलवार राहते, आणि मे महिन्यातील वादळी वाऱ्यात एवढ्या रुंद लोखंडी सांगाड्यावर येणारा दाब पेलण्यासाठी पायाचा खर्च कलेच्या खर्चाहून अधिक होतो.

चौकातील पुतळ्यांचा समूह हा भावनेचा विषय आहे हे मला ठाऊक आहे. तथापि सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 रोजी दिलेल्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ते, पदपथ, रस्त्यांच्या कडा आणि सार्वजनिक उपयोगाच्या इतर जागांवर पुतळे किंवा बांधकामे उभारण्यास राज्य शासनाने परवानगी देऊ नये असे बंधन आहे. रस्त्यांचे सुशोभीकरण, दिवे आणि नागरी सुविधा यांना त्या आदेशातून वगळले आहे, म्हणजे चौकाची हिरवळ, बैठक किंवा प्रकाशयोजना करता येते. पुतळ्याचे तसे नाही. रस्त्याबाहेरच्या जागेसाठीही राज्य शासनाच्या 2 मे 2017 च्या निर्णयातील कार्यपद्धती पाळावी लागते. स्थानिक संस्थेचा ठराव, जागेची मालकी, वाहतूक आणि कायदा-सुव्यवस्थेबाबत पोलिसांचा अभिप्राय, पुतळ्याच्या मातीत घडवलेल्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता आणि जिल्हा पातळीवरील परवानगी, असा तो प्रवास आहे. त्यातही कला संचालनालय नमुन्यातील साम्य, प्रमाणबद्धता आणि शिल्पाची गुणवत्ता पाहते. प्रत्यक्ष पुतळा वाऱ्यात उभा राहील की नाही हे संरचना अभियंत्याने स्वतंत्रपणे तपासायचे असते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला, ही घटना प्रत्येक नगर अभियंत्याने डोळ्यांसमोर ठेवावी. शिवाय समूह म्हटला की कोणाचा पुतळा मध्यभागी, कोणाचा उंच, कोणाचा राहून गेला, हे वाद निघतातच, आणि 40 लाखांत चार-पाच पुतळे करायचे म्हटले तर त्यांतला एकही धड होत नाही.

तलाव ही आपल्याकडील सर्वांत चांगली जागा आहे, पण पाळ नव्हे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील जुने मालगुजारी, म्हणजे जमीनदारीच्या काळातले, तलाव मातीच्या बांधावर उभे आहेत. अशा पाळीत चौथऱ्यासाठी खड्डे खणले की पाणी झिरपायला वाट मिळते, आणि सांडव्याजवळ काही बांधले तर अतिवृष्टीत पाण्याचा मार्ग अडतो. आपल्या भागात वर्षाला 1,200 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग मोजक्या दिवसांत कोसळतो, त्यामुळे ही चिंता कागदोपत्री नाही. पाळीच्या शहराकडील पायथ्यापासून अंतर राखून असलेली मोकळी जागा किंवा आधीच बांधलेल्या घाटाचा वरचा भाग निवडावा. तलावाची मालकी नगरपरिषदेची आहे असे गृहीत धरू नये. असे पुष्कळ तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे आहेत, आणि मासेमारीचा ठेका ढिवर समाजाच्या सहकारी संस्थेकडे असतो. त्या संस्थेला पहिल्याच बैठकीला बोलवावे. जाळी वाळवण्याची, डोंगे लावण्याची जागा अडवून उभे राहिलेले शिल्प त्यांना नकोसे होईल आणि तलावावर रोज पहाटे जाणारी माणसे तीच आहेत. गौरी-गणपतीच्या विसर्जनाची वाटही मोकळी राहिली पाहिजे.

दुसरी जागा म्हणून मी आठवडी बाजाराचे आवार सुचवेन, जे आपल्या यादीत नाही. बाजाराला आजूबाजूच्या खेड्यांतून माणसे येतात, जागा बहुधा नगरपरिषदेच्याच ताब्यात असते, आणि तेथील ओटे, पाणपोई, सावलीचे खांब या गरजेच्या गोष्टीच कलाकृती म्हणून घडवता येतात. बाजाराच्या ओट्याच्या दर्शनी भिंतीवर मातीच्या भाजक्या फरशांचे चित्र असेल तर भाजीवाल्या बाईचा धंदा अडत नाही आणि चित्राची राखण तीच करते. 40 लाखांत दोन जागा पुरेत. तिसरी घेतली तर तिन्ही अपुऱ्या राहतील.

जागा मनात ठरली की कागद पाहावेत, आणि विदर्भात हा भाग इतर महाराष्ट्रापेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. शहरातील पुष्कळ मोकळी जमीन नझूल असते, म्हणजे ती शासनाची असून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. वऱ्हाडातील नगरपरिषदांना ई-क्लास, म्हणजे चराईसारख्या सामाईक वापराच्या शासकीय, जमिनींबाबत तीच काळजी घ्यावी लागते. पूर्वेकडील सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, झुडपी जंगलाची नोंद असलेली जमीन मोठ्या प्रमाणात आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये ती वनजमीनच असल्याचे स्पष्ट केले आहे. शहरालगतची ओसाड टेकडी शिल्पोद्यानासाठी कितीही मोहात पाडणारी असली तरी तिची नोंद झुडपी जंगल अशी असेल तर विषय तेथेच थांबवावा. जवळपास केंद्रीय संरक्षित स्मारक असल्यास पहिल्या 100 मीटरमध्ये बांधकामाला बंदी आणि त्यापुढील 200 मीटरमध्ये परवानगीची अट आहे, हेही मोजून घ्यावे. जुन्या गोंडकालीन तटबंदीच्या शहरांत ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

साहित्याबद्दल थोडक्यात लिहितो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा 46-47 अंशांवर जातो आणि उन्हात तापलेला लोखंडी पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. हिवाळ्यातील पहाट आणि मेअखेरच्या नवतपातील दुपार यांत पृष्ठभागाच्या तापमानाचा फरक 60 अंश धरला, तर 10 मीटर लांबीचा पोलादी भाग सुमारे 7 मिलिमीटरने वाढतो. जोडांत तेवढी मोकळीक नसेल तर वेल्डिंग किंवा भिंत यांपैकी काहीतरी तडकते. फायबर उन्हाने पांढुरके पडते आणि ठिसूळ होते. भिंतीवरील चित्रे पश्चिमेकडच्या भिंतीवर काढू नयेत, आणि भडक लाल-पिवळ्या रंगांऐवजी गेरू, पिवळी माती यांसारखे खनिज रंग वापरावेत, कारण ते उन्हात टिकतात. दगड, भाजलेली माती आणि पितळ ही तीन साहित्ये आपल्या हवेला मानवतात, फक्त पितळ हाताच्या उंचीवर आणि सुट्या तुकड्यांत बसवू नये, कारण ते चोरीला जाते. काळ्या मातीच्या गावांनी, म्हणजे वर्धा-यवतमाळकडच्या वाचकांनी, पायाच्या खोलीवर पैसे वाचवू नयेत. ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ चौथरा दोन-तीन वर्षांत कलतो.

निधीच्या बाबतीत मूळ सूत्र असे ठेवावे की एकाच पैशातून सगळे काम करण्याचा आग्रह धरू नये. कामाचे तीन भाग पाडावेत: पाया, फरसबंदी, दिवे आणि बैठक हा एक, प्रत्यक्ष कलाकृती हा दुसरा, देखभाल हा तिसरा. पहिला भाग शासकीय निधीतून सर्वांत सहज होतो, कारण त्याचे दर दरसूचीत असतात आणि लेखापरीक्षणात आक्षेप येत नाही. जिल्हा वार्षिक योजनेतील नगरोत्थान, नगरपरिषदांसाठीचे वैशिष्ट्यपूर्ण कामांचे अनुदान, तसेच आमदार आणि खासदार निधी हे येथे उपयोगी पडतात. खासदार निधी वर्षाला 5 कोटी रुपये असतो आणि तो टिकाऊ सामुदायिक मालमत्तेसाठी आहे, म्हणून त्यातून ओटा, सावली आणि दिवे मागावेत, शिल्प मागू नये. वित्त आयोगाच्या पैशाकडे मात्र फार आशेने पाहू नये. पंधराव्या आयोगाच्या 2021-26 या कालावधीत आपल्यासारख्या शहरांच्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेली होती, आणि उरलेल्या 40 टक्क्यांवर डोळा ठेवून असणारी कामे प्रत्येक प्रभागात असतात. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीलाही या कामासाठी हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो खाणींची झळ पोचलेल्या लोकांच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी आणि शिक्षणासाठी आहे.

कलाकृतीच्या भागासाठी उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात, हा योग्य मार्ग आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम खर्चावी लागते, आणि सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती, पारंपरिक कला व हस्तकला यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्यात स्थानिक क्षेत्राला प्राधान्य देण्यास सांगितले असल्याने आपल्या परिसरात कोळशाच्या, मँगनीजच्या खाणी, सिमेंट, कागद किंवा वीजनिर्मितीचे प्रकल्प असतील तर तेथून सुरुवात करावी. अर्जात ‘सौंदर्यीकरण’ असे मोघम न लिहिता, किती स्थानिक कारागिरांना किती महिने काम मिळेल आणि कोणती कला पुढे चालू राहील हे लिहावे. उद्घाटनाचा महोत्सव त्यात घालू नये, एकवेळचे कार्यक्रम या निधीत बसत नाहीत. कंपन्यांचा वार्षिक आराखडा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरतो, म्हणून प्रस्ताव दिवाळीनंतर, फार तर जानेवारीत त्यांच्या हाती पडला पाहिजे. काम एका वर्षात संपणार नसेल तर ते बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मांडावे; त्या वर्षी न खर्चलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढील तीन वर्षांत खर्चता येते, आणि त्यामुळे मार्चच्या घाईतून आपली सुटका होते.

लोकवर्गणी मी रकमेसाठी सुचवत नाही, तर त्यामुळे काम लोकांचे होते म्हणून सुचवतो. व्यापारी संघ, राईस मिलवाले, बाहेरगावी नोकरीला गेलेले माजी विद्यार्थी यांच्याकडून खर्चाचा विसावा हिस्सा जरी जमला तरी पुरे. पावती नगरपरिषदेच्या खात्याची असावी. नोंदणी नसलेल्या समितीने वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41-क खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते, हे गणेश मंडळांना ठाऊक असते, कलाप्रेमींना नसते. एखाद्या देणगीदाराने स्वतःच्या वडिलांचे नाव ठळक अक्षरांत मागितले तर दगडी पाटीवर सर्वांची नावे सारख्याच आकारात, असा ठराव आधीच करून ठेवलेला बरा.

कायमस्वरूपी स्रोत हवा असेल तर अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने 1959 मध्ये सुरू केलेली पद्धत पाहण्यासारखी आहे: पुनर्विकासाच्या बांधकाम खर्चातील 1 टक्का कलेसाठी राखून ठेवायचा. नगरपरिषदेने स्वतःच्या इमारतींपुरता असा ठराव केला, तर 3 कोटींच्या बाजार संकुलातून 3 लाख रुपये निघतात आणि वास्तुविशारद नकाशा काढतानाच कलावंताला सोबत घेऊ शकतो.

देखभालीचा पैसा मात्र कोणीही देणगी म्हणून देत नाही. तो स्वतःच्या उत्पन्नातूनच उभा करावा लागतो. एकूण खर्चाचा दहावा हिस्सा मुदत ठेवीत टाकावा, असे मी सांगतो. 40 लाखांवर 4 लाख, त्यावर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला 26,000 रुपये व्याज मिळते, आणि दोन जागांची पावसाळ्यानंतरची धुलाई, सांधे भरणे, दिवे बदलणे एवढ्यात भागते. शासकीय अनुदान असे ठेवीत ठेवता येत नाही, म्हणून ही रक्कम बाजार फी किंवा गाळेभाड्यातून वेगळी काढण्याचा ठराव निविदेपूर्वी सर्वसाधारण सभेत व्हावा. तेवढीही तयारी सभागृहाची नसेल, तर एकच कलाकृती करावी.

निविदेचा प्रश्न खरा अवघड आहे. दरसूचीत कलाकृतीचे दर नसतात आणि सर्वांत कमी दराचा नियम लावला की काम रस्त्याच्या कंत्राटदाराकडे जाते, जो ते तयार मालाच्या दुकानातून उचलतो. म्हणून बांधकामाची निविदा नेहमीप्रमाणे काढावी. कलाकृतीसाठी मात्र आधी संकल्पना मागवाव्यात, तीन-चार निवडून त्यांच्या नमुन्यासाठी प्रत्येकाला ठरावीक मानधन द्यावे, आणि अंतिम निवडीत गुणवत्तेला दरापेक्षा अधिक गुण ठेवावेत. एकूण रक्कम आधीच जाहीर करावी, म्हणजे स्पर्धा दर पाडण्यात न होता कल्पनेत होते. निवड समितीत नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातील अध्यापक, संरचना अभियंता आणि त्या जागेचे रोजचे वापरकर्ते असावेत. समितीत नगरपरिषद सदस्यांची संख्या निम्म्याहून कमी राहिली तर तिच्यावर विश्वास बसतो.

कलावंत कोठला, या आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. मोठ्या शहरातला अनुभवी शिल्पकार रचनेसाठी घेण्यास हरकत नाही, पण घडवणारे हात आपल्याकडे आहेत: भंडाऱ्याचे पितळकाम करणारे, भद्रावतीचे मातीकाम करणारे, गडचिरोलीचे बांबू आणि लाकूड कोरणारे, आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार, ज्यांना दूरवरून वाचता येईल असे चित्र कसे काढावे हे अनेक कलापदवीधरांपेक्षा अधिक चांगले कळते. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, तेव्हा या चित्रकारांचे काम त्या वेळापत्रकाबाहेर ठेवावे. विषयही येथलेच घ्यावेत. विदर्भातील शासकीय भिंतींवर सर्रास वारली चित्रे दिसतात. ती सुंदर आहेत, पण पालघरकडची आहेत, आणि आपल्या शेजारी गोंड, माडिया, कोरकू यांची स्वतःची चित्रभाषा असताना त्यांच्याच तालुक्यात वारली रंगवणे मला खटकते. दंडारीचे लोकनाट्य, तान्हा पोळ्याचे लाकडी नंदी, धानाची रोवणी, तलावातले डोंगे, असे विषय कमी नाहीत.

करारात एक कलम विसरू नये. प्रतिलिपी अधिकार अधिनियम 1957 च्या कलम 57 प्रमाणे कलाकृती विकल्यानंतरही तिच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कलावंताकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून टाकण्यात आले होते, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्याचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रस्ता रुंद करताना, इमारत पाडताना किंवा भिंत पुन्हा रंगवताना कलावंताला किती दिवस आधी कळवायचे, कलाकृती हलवण्याचा खर्च कोणाचा आणि दुरुस्ती प्रथम कोणाला विचारून करायची, हे करारात लिहून त्याची एक प्रत बांधकाम विभागाच्या धारिकेत लावावी, कारण मुख्याधिकारी बदलून गेल्यावर नवीन येणारा अधिकारी तीच धारिका उघडतो.